एका हंगामाची वही

वडिलांच्या पश्चात त्यांची लाकडी पेटी उघडली, तेव्हा भाड्याच्या पावत्या आणि रेशनकार्डाखाली दोन वह्या मिळाल्या. पहिलीच्या पुठ्ठ्यावर शाळकरी अक्षरात लिहिले होते : ‘महाराष्ट्र, १९४८-४९’. आत हाताने आखलेले धावफलक होते. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. त्या हंगामात ते पंधरा वर्षांचे होते आणि येरवडा गावठाणात राहत होते.

इंग्लंडमध्ये कौंटीच्या मागे हंगामभर फिरणाऱ्या प्रेक्षकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिथे वर्गणी भरलेल्या सभासदाला उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच सामन्यांचे वेळापत्रक मिळते. लँकेशायरच्या पाठीराख्यांनी १९३४ नंतर निर्विवाद विजेतेपदासाठी २०११ पर्यंत वाट पाहिली, आणि सॉमरसेटवाले तर अजून वाट पाहत आहेत. आपल्याकडे प्रांताच्या संघावर असा जीव टाकणारा माणूस नव्हता, असे सर्रास म्हटले जाते. नानांची वही हाती आल्यापासून मला ते पटत नाही. असा माणूस होता. फक्त त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

त्या काळचा पाठीराखा होणे अधिक अवघड होते, हेही लक्षात घ्यायला हवे. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला आणि १९५७-५८ मध्ये विभागीय साखळी येईपर्यंत तो बाद पद्धतीने खेळला गेला. एक पराभव झाला की हंगाम संपला. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता. पहिल्या हंगामात विजय हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध पुण्यात नाबाद ३१६ केल्या होत्या. नानांच्या पिढीला हे सारे मोठ्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा हंगाम त्यांच्या वाट्याला आला तो १९४८-४९ चा.

सामने पूना क्लबच्या मैदानावर होत. येरवड्याहून नदीवरचा बंडगार्डनचा पूल ओलांडायचा आणि सरळ बंडगार्डन रस्त्याने चालत राहायचे. अर्ध्या-पाऊण तासाची वाट. नानांनी वहीच्या कडेला रोजचा खर्चही टिपला आहे : ‘चणे, अर्धा आणा’. तिकिटाची नोंद कुठेच नाही. ते कुंपणापाशी झाडाखाली उभे राहून खेळ पाहत, असे त्यांनी मला पुढे सांगितले होते.

या कुंपणाला आणखी एक इतिहास आहे. १८९० च्या दशकात पाळवणकर बाळू याच क्लबात मैदानाची देखभाल करीत आणि सरावाच्या जाळ्यात युरोपियनांना गोलंदाजी टाकीत. जातीने चांभार असलेल्या बाळूंना पुण्याच्या हिंदू संघात घेतले गेले; पण त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून येई. याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्या दौऱ्यात लेस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी हरल्या. पुढे २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात पुणे करार झाला, त्यावरही बाळूंची सही आहे. नाना ज्या रस्त्याने सामन्याला जात, त्याच्या एका टोकाला तो तुरुंग होता आणि दुसऱ्या टोकाला हे मैदान. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न या रस्त्याला नवा नव्हता.

आता वहीकडे वळू. डिसेंबर १९४८, काठियावाडविरुद्धचा सामना. काठियावाड सर्वबाद २३८. मग भाऊसाहेब निंबाळकर आणि क. वि. भांडारकर यांची दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या असताना खेळाची सुट्टी झाली. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा १९३० सालचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर होता. सुट्टीनंतर काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, संघ घेऊन मैदानात उतरलेच नाहीत. सामना त्यांनी सोडून दिला.

छापील धावफलकात हे सारे एका ओळीत उरकते. नानांच्या वहीत मात्र पुढच्या षटकांसाठी पेन्सिलीने आखलेले चौकोन आहेत. ते सगळे कोरे आहेत. सुट्टीत पोराने आखून ठेवले असणार. खाली एवढेच : ‘थांबलो. कोणी आले नाही.’ एका विक्रमाभोवतीची निराशा इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेली नाही. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील ती आजही सर्वोच्च धावसंख्या आहे. निंबाळकरांना अधिकृत कसोटी मात्र एकही मिळाली नाही.

त्याच हंगामात, त्याच मैदानावर, मार्च १९४९ मध्ये मुंबईशी उपांत्य सामना झाला. तो सात दिवस चालला. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, मुंबई पुन्हा ८ बाद ७१४ वर डाव घोषित. माधव मंत्रींचे द्विशतक. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि आपला रेगे यांची दोन्ही डावांत शतके. सामन्यात एकूण नऊ शतके झाली. महाराष्ट्रापुढे ९५९ धावांचे लक्ष्य होते. संघाने ६०४ केल्या आणि तो ३५४ धावांनी हरला. सामन्यातील एकूण २३७६ धावा हा प्रथम श्रेणी क्रिकेटचा जागतिक विक्रम अजून मोडलेला नाही.

वही मी छापील आकड्यांशी ताडून पाहिली. मुंबईच्या दुसऱ्या डावात नानांची बेरीज सहा धावांनी कमी भरते. समासात कारण आहे : ‘शाळा. उशीर.’ मला विशेष वाटली ती शेवटची पाने. सामना हातचा गेल्याचे कुंपणावरच्या पोरालाही कळत होते; तरी चौथ्या डावातली एकही धाव गाळलेली नाही. अक्षर उलट अधिक नेटके झाले आहे. जगात कुठे न झालेल्या गोष्टी एका हंगामात पाहूनही या मुलाच्या संघाला करंडक मिळाला नाही. आणि तरीही त्याने हंगाम पुरता केला. पाठीराखा म्हणजे काय, याचे उत्तर मला इथे सापडले.

महाराष्ट्राने त्यानंतर करंडक जिंकलेला नाही. १९७०-७१ मध्ये मुंबईविरुद्धचा अंतिम सामना ४८ धावांनी गेला. १९९२-९३ मध्ये पंजाबने, २०१३-१४ मध्ये कर्नाटकाने अंतिम फेरीत हरवले. त्या शेवटच्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा काढल्या होत्या. मधल्या काळात सामने गहुंज्याला गेले. येरवड्याहून तिथे पायी जाणारा पाठीराखा संभवत नाही.

दुसरी वही अगदी कोरी होती. फक्त पहिल्या पानावर कापऱ्या हाताची नोंद होती. २०१६ च्या हंगामात रणजीचे सगळे सामने त्रयस्थ मैदानांवर खेळवले गेले. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र-दिल्ली सामना वानखेडेवर झाला. नाना तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी मोबाइलवरून धावा वाचून दाखवी आणि ते लिहीत. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८. भागीदारी ५९४ वर असताना महाराष्ट्राने डाव घोषित केला. संगकारा-जयवर्धने यांचा ६२४ धावांचा विक्रम तीस धावांवर होता.

मी हळहळलो. म्हटले, “नाना, पुन्हा तसंच झालं.”

ते म्हणाले, “तसंच कसं रे? तेव्हा समोरचे निघून गेले होते. आता आपण सामना जिंकायला थांबलो.”

ऋषभ पंतने ३०८ काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. त्या धावाही नानांनी लिहिल्या. पुढचा हंगाम त्यांनी पाहिला नाही.

यंदाच्या हंगामासाठी त्याच वहीचे दुसरे पान मी आखून ठेवले आहे. चौकोन अजून कोरे आहेत.