लेण्यांतल्या दात्यांची ओळख

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोरा, अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांत दान देणाऱ्यांनी आपली ओळख दगडात कोरून ठेवली आहे. आपण कोण, कोणाचे, कुठले आणि पोटापाण्यासाठी काय करतो, हे सांगण्याची त्यांची रीत सुमारे हजार वर्षांत कशी पालटत गेली, ते या लेखांवरून समजते.

सर्वांत जुन्या लेखांत पितळखोऱ्याचे लेख येतात. कन्नड तालुक्यात सातमाळा डोंगररांगेत असलेली ही लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांत खोदली गेली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील खांबांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत छोटे लेख आहेत. त्यांतला एक खांब प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, मितदेवाचा. तो सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या गंधिक कुळातला. दुसरा खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिलेला. गाव, घराणे, धंदा आणि दान एवढेच सांगून लेख संपतो. तरी तेवढ्यावरून गोदाकाठच्या या व्यापारी नगराची संपत्ती डोंगरातल्या भिक्षूंपर्यंत कशी पोहोचत होती, हे स्पष्ट होते.

शेजारच्या चौथ्या लेण्यात एक अख्खे कुटुंब भेटते. राजवैद्य मगिल स्वतःला वच्छीपुत्र म्हणवतो, म्हणजे आईच्या नावाने ओळख देतो. त्याची मुलगी दत्ता आणि मुलगा दत्तक यांची दाने वेगळी नोंदलेली आहेत. बापाच्या नावाशेजारी मुलीचे नाव स्वतंत्र दानासह यावे, ही गोष्ट लहान नाही. आईच्या नावाने ओळख देण्याची प्रथा सातवाहन राजांमुळे प्रसिद्ध झाली. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण राजवैद्याच्या घरातही ही प्रथा होती, आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचे दर्शनी मुख देणारा कटहादीही वासिष्ठीपुत्रच होता. अजिंठ्याच्याच बाराव्या विहाराचा दाता घनामदड मात्र वाणी म्हणूनच ओळख सांगतो.

कारागीरही यात मागे नाहीत. पितळखोऱ्याला सापडलेली यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती कण्हदास या सोनाराने घडवल्याचे तिच्या हातावर कोरले आहे. प्राचीन शिल्पकार बहुधा निनावीच राहिले, म्हणून हा एका ओळीचा लेख मोलाचा.

पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी, अजिंठ्यात पुन्हा जोमाने काम सुरू झाले आणि ओळखीची भाषाही पालटली. प्राकृताची जागा संस्कृतने घेतली, दोन ओळींच्या जागी श्लोकबद्ध प्रशस्ती आली. हरिषेणाचा मंत्री वराहदेव सोळाव्या लेण्यात आधी विंध्यशक्तीपासूनची राजवंशावळ देतो, मग आपला पिता हस्तिभोज याच्याकडे वळतो आणि पुण्य आईवडिलांना अर्पण करतो. जवळच्या घटोत्कच लेण्यात त्याने आपल्या घराण्याच्या पिढ्या मोजल्या आहेत.

परंतु या काळातले खरे हृद्य लेख वंशावळीपलीकडचे आहेत. सतराव्या लेण्याच्या लेखात धाकटा भाऊ रविसांब अकाली गेल्याचे दुःख आहे. त्या दुःखातूनच मोठा भाऊ दानधर्माकडे वळला. सव्विसाव्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्र अश्मकांचा मंत्री भव्विराज याच्याशी असलेली आपली मैत्री अनेक जन्मांची असल्याचे सांगतो आणि लेणे त्याच्या स्मरणार्थ देतो. येथे माणूस आयुष्यात काय गमावले आणि कोणावर जीव लावला, यावरून स्वतःची ओळख देतो. वेरूळच्या पंधराव्या लेण्यातील आठव्या शतकाच्या लेखात मात्र पुन्हा राजकुळच पुढे येते: दंतिदुर्गापर्यंतची राष्ट्रकूटांची वंशावळ.

या अक्षरांचा अर्थ लावण्यात मराठी अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या लेखांचे वाचन केले. विसाव्या शतकात म. न. देशपांडे यांनी पितळखोऱ्याचा, तर वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आणखी एक नाव आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याने बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख ओरखडली. लेण्यात तेव्हा मातीचा थर असल्याने ते आज डोक्याच्या वर दिसते. पैठणच्या अत्तरवाल्याने खांब देऊन नाव कोरले. स्मिथने काहीही न देता चित्र बिघडवले. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणासाठीच्या १९५८ च्या कायद्यातील आजच्या तरतुदीनुसार असे करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.