किड्यांवरून पाणी ओळखण्याची कुळकथा

नदीत किती घाण आहे हे ठरवायला बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत जातं आणि तिथून आकडे येतात. ते आकडे बाटली भरली त्या घटकेचे. कारखान्याने मध्यरात्री सोडलेलं पाणी सकाळच्या बाटलीत सापडेलच असं नाही. तळाच्या दगडाला चिकटून महिनोन्‌महिने काढणारी अळी मात्र त्या रात्रीही तिथेच होती. तिला साक्षीला बोलावण्याची पद्धत पावणेदोनशे वर्षं जुनी आहे, आणि तिची सुरुवात पिण्याच्या पाण्यापासून झाली.

1850 साली आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने लंडनकरांच्या नळाचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यात जे वळवळताना दिसलं त्याची चित्रं छापून टाकली. पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांना ती अर्थातच आवडली नाहीत. तिकडे ब्रेस्लाऊ शहरात (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) 1852 साली कॉलऱ्याची साथ आली. फर्डिनांड कोन या वनस्पतिशास्त्रज्ञाने शहरातल्या विहिरींचं पाणी तपासलं आणि 1853 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू जगापुढे मांडायला अजून तीस वर्षं होती, त्यामुळे गुन्हेगार कोनच्या हाती लागणं शक्यच नव्हतं. पण घाण मुरलेल्या विहिरीत राहणारे जीव वेगळे आणि स्वच्छ विहिरीतले वेगळे, हे त्याने पाहिलं. हे शास्त्र नदीकाठी वाढलं, पण त्याच्या पहिल्या धड्यांपैकी एक विहिरीवर गिरवला गेला होता.

नदीकडे ते वळलं बर्लिनमध्ये. पाणीपुरवठा आणि सांडपाणी यांचा विचार करायला तिथे 1901 साली एक सरकारी संस्था निघाली. रिचर्ड कोल्कविट्झ आणि माक्सिमिलिआन मार्सन यांनी 1902 मध्ये आपली तत्त्वं मांडली; मग 1908 मध्ये वनस्पतींची आणि 1909 मध्ये प्राण्यांची यादी दिली. शेकडो जातींपैकी प्रत्येक जात किती घाणीत टिकते याची ती नोंद होती. त्यामागचं गणित प्राणवायूचं आहे. सांडपाणी पडलं की ते कुजवणारे जिवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग तिथे गाळात डोकं खुपसून शेपूट हलवत राहणारे ट्यूबिफेक्स किडे उरतात. हिमोग्लोबिनमुळे ते लालभडक दिसतात. प्राणवायूचा शेवटचा कणही त्यांना ओढून घेता येतो. तिथेच एका माशीची अळी शेपटीची नळी पाण्याबाहेर काढून थेट हवेतच श्वास घेते. खाली वाहत जावं तशी नदी सावरते आणि जीवही बदलतात. या प्रवासाचे दोघांनी चार पट्टे पाडले: अतिशय घाण, मग मध्यम घाणीचे दोन, शेवटी जवळजवळ स्वच्छ. ही मांडणी मला फार देखणी वाटते, पण तिची मेख तिच्या जन्मातच आहे. ती मध्य युरोपातल्या सांडपाण्यावर बेतलेली. तांबं किंवा जस्त मिसळलेल्या पाण्यात कोणाचीच चंगळ होत नाही, तिथे ही यादी अडखळते.

इंग्लंडने यादी आटोपशीर केली. ट्रेंट नदीसाठी वुडिविस यांनी 1964 साली निर्देशांक काढला. पुढे तज्ज्ञांच्या गटाने 1980 पर्यंत जातींऐवजी सगळ्या कुळालाच एक ते दहा गुण देऊन टाकले. वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातल्या स्टोनफ्लायच्या अळ्यांना दहा, लाल किड्यांना एक. तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, खाली जाळी धरायची, आलेली कुळं मोजायची. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने यमुनेवरच्या अभ्यासातून हीच रीत भारतीय जिवांसाठी बदलून घेतली.

विहिरीच्या शाखेचं काय झालं? प्रागमध्ये वेदोव्स्की या प्राणिशास्त्रज्ञाने 1882 साली शहरातल्या विहिरींतल्या जिवांवर पुस्तक लिहिलं. त्यात बाथिनेला नावाचा डोळे नसलेला इवलासा कवचधारी होता. पुन्हा तो कोणाच्या हाती लागायला तीसेक वर्षं गेली. विहीर नसेल तिथे काय करायचं, याचं उत्तर शाप्पुई आणि स्कोप्येचे करामान यांनी दिलं: नदीकाठच्या रेतीत खड्डा खणायचा, झिरपून आलेलं पाणी उपसून जाळीतून गाळायचं. दुष्काळात आपल्याकडच्या बायका नदीच्या वाळूत झिरा खणतात, तोच हा प्रकार. 1967 साली फ्रान्सच्या बू आणि रूश यांनी भोकं पाडलेला लोखंडी नळ तळात ठोकून हातपंपाने पाणी खेचायला सुरुवात केली.

सापडलेले जीव पांढुरके, आंधळे, संथ. अंधारात वनस्पती नाहीत, अन्न वरून झिरपेल तेवढंच. म्हणून अंडी थोडी, आयुष्य लांब. ओढ्यातली अळी मेली तरी शेजारच्या ओढ्यावरून पंख असलेली माशी येऊन अंडी घालते आणि वस्ती पुन्हा भरते. जमिनीखालच्यांना पंख नाहीत. त्यातच सांडपाणी मुरलं की अन्न वाढतं आणि वरच्या पाण्यातले चपळ कवचधारी आत घुसून मूळच्यांना हुसकावतात. त्यामुळे तिथे नुसती गर्दी दिसली म्हणून पाणी ठीक आहे असं म्हणता येत नाही. गर्दी कोणाची, हे बघावं लागतं.

आणि तरीही कायद्याने हे दार बंदच ठेवलं. युरोपीय संघाचा 2000 सालचा पाणी-कायदा नदीची प्रकृती जिवांवरून ठरवतो. भूजलाची मात्र रसायनं आणि साठा एवढ्यावरूनच. भूजल म्हणजे भरून ठेवलेला माल, ही समजूत तिथेही तशीच. आपल्याकडे विहिरीतला जीव ठाऊक झाला तो शत्रू म्हणून: पायविहिरींतला सायक्लॉप्स नारू पसरवायचा, म्हणून पाणी फडक्याने गाळा आणि विहिरीत औषध टाका. ते करणं भागच होतं, नारू गेलाही. पण 2022 मध्ये मुंबईच्या जोगेश्वरीतल्या एका विहिरीतून आंधळ्या ईलची नवी जात नोंदली गेली, तेव्हा अशा विहिरीत आणखी कोणी राहत असेल का हे कोणी क्वचितच विचारलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाने ते विचारलं. तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने 2003 साली भूमिगत जिवांच्या पाहणीसाठी मार्गदर्शन काढलं. लोखंडाच्या खाणीसाठी जमिनीतलं पाणी उपसण्याआधी कंपनीची माणसं आता बोअरमध्ये वजन बांधलेली बारीक जाळी सोडतात आणि वर आलेले आंधळे जीव मोजतात.