कँडीहून रामवाडीला

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितलं, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू जरा वेगळं काहीतरी लिही." मी कॉम्प्युटरवाली. इतिहासात दहावीला जेमतेम पास झाले, हे आपल्या सरांना चांगलं आठवत असेल. तरीही इतिहासावरच लिहितेय, कारण या इतिहासात आपल्या वर्गातला एक जण आहे.

तो कोण, हे वर्गाला लगेच कळेल. खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. तो फादर व्हायला जाणार हे कळल्यावर आपण सगळे त्याला "काय बे पोप" म्हणायला लागलो. फळ्यावर उंच टोपी घातलेलं त्याचं चित्र काढलं होतं. ते काढणाऱ्यांत मीही होते. बारावीनंतर तो गेला आणि आपण त्याचा पत्ताही विचारला नाही.

२००६ पासून मी पुण्यात विमाननगरला नोकरी करत होते. रोज नगर रोडने जाताना रामवाडीला एक मोठं फाटक लागायचं. आत भरपूर झाडं दिसायची. 'पेपल सेमिनरी' हे नाव मी शेकडो वेळा वाचलं असेल. एखादं कॉन्व्हेंट असेल, असं समजून पुढे जायची. त्याच काळात आपला 'पोप' त्या फाटकाच्या आत शिकत होता. माझ्या ऑफिसपासून रिक्षाचं मीटर पहिल्या आकड्यावरून हलणार नाही एवढ्या अंतरावर! हे मला कळलं गेल्या वर्षी, या संमेलनासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला तेव्हा. मग त्यानेच मला ती जागा फिरवून दाखवली. नाव छापायचं नाही, ही त्याची अट.

पहिली गोष्ट त्याने समजावली ती अशी, की त्या आवारात दोन संस्था आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पेपल सेमिनरी हे निवासस्थान. वेगवेगळ्या धर्मप्रांतांतून पाठवलेले विद्यार्थी तिथे राहतात, प्रार्थना करतात, पुरोहितपणाचं वळण घेतात. वर्ग आणि परीक्षा मात्र 'ज्ञानदीप विद्यापीठा'च्या. ही संस्था अलीकडे स्वतःला नुसतं 'ज्ञानदीप' म्हणते. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट विद्यार्थी डी नोबिली कॉलेजात राहतात. इतर संघांची आपापली घरं आहेत. सिस्टर्स आणि सामान्य प्रापंचिक माणसंही इथे शिकू शकतात. थोडक्यात, कॉलेज एक आणि होस्टेलं अनेक.

या संस्थेचा जन्म पुण्यातला नाही, भारतातलाही नाही. १८९३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी सिलोनमध्ये, कँडी इथे ही सेमिनरी स्थापन केली. इकडे मुख्य खटपट केली ती पोपचे प्रतिनिधी आर्चबिशप झालेस्की यांनी, आणि चालवायला दिली बेल्जियन जेझुइटांच्या हाती. त्या काळी इथल्या चर्चमधले बहुतेक वरिष्ठ युरोपियन असत. आपल्या त्या वर्षीच्या पत्रात लिओंनी स्पष्ट भूमिका घेतली, की इथलं धर्मकार्य इथल्याच माणसांनी करायला हवं, बाहेरच्यांच्या भरवशावर ते कायम चालणार नाही. ब्रिटिश अमदानीत, १८९३ मध्ये हे म्हणणं साधं नव्हतं. इथल्या मुलांना गोऱ्यांच्या तोडीचं शिक्षण द्यायचं, तेही इथेच, असा त्याचा अर्थ होतो. १९२६ मध्ये रोमने या संस्थेला तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान या विषयांत पदव्या देण्याचा अधिकार दिला.

पुढे भारत स्वतंत्र झाला, सिलोनही झालं. मधे सरहद्द आली, व्हिसा आला आणि भारतीय मुलांना कँडीला पाठवणं अवघड होऊन बसलं. म्हणून १९५५ मध्ये अख्खी संस्था पुण्याला हलवली. विद्यापीठ हलवायचं म्हणजे काय, याचा विचार करा. आम्ही एक सर्व्हर हलवताना चार रात्री जागतो. इथे प्राध्यापक, विद्यार्थी आणि साठ वर्षांचा संसार समुद्र ओलांडून आला. कँडीजवळच्या आंपिटियाच्या वास्तूत आता श्रीलंकेची राष्ट्रीय सेमिनरी आहे. आणि योगायोग बघा, त्याच १९५५ मध्ये नागपूर धर्मप्रांतातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा झाला. आपला यवतमाळ जिल्हा त्यात येतो, आणि आपल्या मित्राला पुण्याला पाठवलं ते याच धर्मप्रांताने.

'ज्ञानदीप' हे नाव १९७२ चं. इंग्रजीत ते 'जे'ने सुरू होतं, त्यामुळे बाहेरची मंडळी 'ज्नान' असं काहीतरी म्हणतात. आपला मित्र सुरुवातीला प्रत्येकाला 'ज्ञ' शिकवायचा, मग त्याने नाद सोडला.

कारभाराची रचना मला इंजिनियर म्हणून फार आवडली. आपल्याकडे राज्यपाल जसे विद्यापीठांचे कुलपती असतात, तसे इथले कुलपती म्हणजे रोममध्ये बसणारे जेझुइटांचे सर्वोच्च प्रमुख. त्यांच्या खाली दक्षिण आशियाचे जेझुइट प्रमुख, आणि रोजचा कारभार बघणारे अध्यक्ष पुण्यात. पण शेवटचा शब्द जेझुइटांचाही नाही. अभ्यासक्रमाची चौकट, अध्यक्षांच्या नेमणुकीला मान्यता, पदव्यांचं बळ, हे सगळं व्हॅटिकनच्या शिक्षण खात्याकडून येतं. आधी तत्त्वज्ञान, मग ईश्वरविज्ञान. तत्त्वज्ञान त्याच्या वेळी दोन वर्षं होतं, २०११ च्या रोमच्या आदेशानंतर ते तीन झालं. पदव्याही तीन पायऱ्यांच्या: बॅकलॉरिएट, लायसेन्शिएट, डॉक्टरेट. रोममध्ये त्या बिनशर्त चालतात.

इथे मात्र अडचण येते. आपल्या यूजीसी कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा हक्क संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठांना किंवा तसा अधिकार मिळालेल्या संस्थांना असतो. पोपच्या आज्ञापत्राने झालेली संस्था त्यात बसत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचं तसं नाही. तेही जेझुइटांचंच, १८६९ चं. पण ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न, म्हणून तिथली बी. ए. सगळीकडे बी. ए. असते. आपल्या मित्राने शंकराचार्यांच्या भाष्यांपासून कांटपर्यंत सगळं वाचलं, परीक्षा दिल्या, आणि साध्या सरकारी फॉर्मवर 'पदवी' या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न त्याला पडायचा. शेवटी त्याने बाहेरून बी. ए. केलं. "दोन्हीकडे पास झालो बे," म्हणाला.

शंकराचार्यांचं नाव ऐकून मला आश्चर्य वाटलं, तसं तुम्हालाही वाटेल. पण पुण्यात अनेक वर्षं भारतीय तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या रिचर्ड डी स्मेट या बेल्जियन जेझुइटाने रोममध्ये प्रबंध लिहिला तोच शंकराचार्यांच्या विचारपद्धतीवर. आणि डी नोबिली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते रॉबर्ट डी नोबिली सतराव्या शतकात मदुराईत संन्याशाच्या वेषात राहून तमिळ आणि संस्कृत शिकले होते. फळ्यावर टोपीचं चित्र काढताना यातलं काही आपल्याला ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं.

आता आपल्या गावाचा धागा. माझे बाबा बोलताना "सेमिनरीच्या वेळेस" असं म्हणायचे. मला वाटायचं ते एखाद्या इमारतीचं नाव असेल. ती होती युनियन बिब्लिकल सेमिनरी. प्रोटेस्टंटांची, अनेक मिशनांनी मिळून १९५३ मध्ये यवतमाळला काढलेली. फ्री मेथडिस्ट मिशनचं ठाणं आपल्याकडे आधीपासून होतंच. तीस वर्षं देशभरातले विद्यार्थी शिकायला यवतमाळला येत होते. आपण शिकायला यवतमाळ सोडलं, आणि एके काळी लोक शिकायला यवतमाळला यायचे! १९८३ मध्ये ही सेमिनरीही पुण्याला गेली, बिबवेवाडीला. ती सेरामपूरशी संलग्न आहे, आणि सेरामपूरचा पदवी देण्याचा हक्क सुरू झाला डेन्मार्कच्या राजाच्या १८२७ च्या सनदेपासून. पुढे १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने कायदा करून तो पक्का केला. एकीच्या मागे पोप, दुसरीच्या मागे डेन्मार्कचा राजा, आणि दोघी शेवटी पुण्यातच. यवतमाळची सेमिनरी गेल्याची चुटपुट मला हा लेख लिहिताना पहिल्यांदा लागली; ती गेली तेव्हा आपण धड बोलतही नव्हतो.

रामवाडीच्या फाटकातून बाहेर पडताना मी त्याला त्या चित्राबद्दल सॉरी म्हटलं. तो म्हणाला, चित्र त्याला आठवतं, पण काढणाऱ्यांत मी होते हे माहीत नव्हतं. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला तेव्हा घरी जाऊन रडायला आलं होतं." एवढंच. मेट्रोच्या जिन्यापर्यंत तो माझ्यासोबत आला.

संमेलनाला तो शनिवारी येतोय. रविवारी सकाळी त्याची मिस्सा असते, त्यामुळे रात्रीच परत निघेल. तेव्हा वर्गाचा फोटो रविवारऐवजी शनिवारी जेवणाआधी काढावा, अशी संपादक मंडळाला विनंती आहे.