शोधयंत्रे आणि स्थाननामे : कर्जत व खालापूर तालुके

महाजालावरील मजकुराची सूची करून, पृच्छकाने दिलेल्या शब्दांशी जुळणारी पृष्ठे विशिष्ट क्रमाने दाखविणारी संगणकीय यंत्रणा म्हणजे शोधयंत्र. या क्रमात आपले संकेतस्थळ वर यावे, म्हणून त्याचा मजकूर, शीर्षके, रचना व दुवे यांत केलेल्या सुधारणांना शोधयंत्र-अनुकूलन म्हणतात. त्याची वाढ जाहिरात-व्यवसायाच्या आश्रयाने झाली. तथापि स्थाननामांच्या बाबतीत हा प्रश्न मूलतः नोंदीचा आहे. एखादे गाव कोणत्या नावाने, कोणत्या लिपीत व कोणत्या जिल्ह्याखाली नोंदले गेले, यावर त्याचे सापडणे अवलंबून असते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे कर्जत व खालापूर हे तालुके याचे बोलके उदाहरण होत.

छापील सूचींच्या काळातही ही अडचण होतीच. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्यामुळे १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये तो शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही; त्याचे वर्णन १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे. पुढे १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नावही रायगड झाले. रेल्वेच्या जुन्या इंग्रजी कागदपत्रांत खोपोली ‘कँपूली’ या रूपात आढळते. माहिती उपलब्ध होती. पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी नावाचे नेमके रूप व खंडाचे नेमके नाव आधी ठाऊक असावे लागे.

संगणकीय शोधाचा आरंभ १९९० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात तयार झालेल्या ‘आर्ची’ या यंत्रणेने झाला. ती केवळ संचिकांच्या नावांची सूची करी. १९९४ मध्ये ‘याहू’ची माणसांनी वर्गवारी केलेली निर्देशिका निघाली, तर १९९५ च्या अखेरीस ‘अल्टाव्हिस्टा’ने पृष्ठांतील सर्व शब्दांचा शोध सुलभ केला. केवळ शब्दांवर क्रम ठरू लागताच एकच शब्द पुनःपुन्हा घालण्याची किंवा पार्श्वभूमीच्या रंगात तो लपविण्याची क्लृप्ती रूढ झाली. लॅरी पेज व सर्जी ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या ‘गूगल’ने यावर वेगळा उपाय योजला : ज्या पृष्ठाकडे इतर महत्त्वाच्या पृष्ठांवरून दुवे येतात, ते पृष्ठ अधिक महत्त्वाचे मानावयाचे. मग दुव्यांचाच व्यापार सुरू झाला. नोव्हेंबर २००३, फेब्रुवारी २०११ व एप्रिल २०१२ मधील बदलांनी अनुक्रमे शब्दांचा भरणा, निःसत्त्व मजकूर आणि कृत्रिम दुवे यांना आळा घातला. तेव्हापासून पृच्छकाच्या उपयोगी पडणारा, नेमका व विश्वसनीय मजकूर हाच अनुकूलनाचा टिकाऊ मार्ग मानला जातो.

मराठी मजकुराला यापूर्वीचा एक अडथळा ओलांडावा लागला. प्रारंभीच्या मराठी संकेतस्थळांवर निरनिराळ्या उत्पादकांचे परस्परांशी न जुळणारे टंक वापरले जात. वाचकाला पडद्यावर देवनागरी दिसे. यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक मालिका वाटे. असा मजकूर प्रसिद्ध होऊनही शोधाच्या दृष्टीने अस्तित्वात नसे. १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते. तथापि प्रचलित संगणकप्रणालींतून तिचा वापर २००० नंतरच वाढला. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियामुळे शोधता येण्याजोग्या मराठी मजकुरात मोठी भर पडली.

प्रस्तुत तालुक्यांत नामसादृश्यामुळे होणारा घोटाळा विशेष आहे. कर्जत नावाचे दुसरे तालुक्याचे ठिकाण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात असून अष्टविनायकांपैकी सिद्धटेक त्या तालुक्यात येते. रायगडातील कर्जतच्या शेजारी, खालापूर तालुक्यात, अष्टविनायकांपैकीच वरदविनायकाचे महड हे स्थान आहे. त्यामुळे ‘कर्जत’ व ‘अष्टविनायक’ हे शब्द एकत्र दिल्यास दोन जिल्ह्यांतील दोन देवस्थाने समोर येऊ शकतात. महड आणि १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे इतिहासप्रसिद्ध असलेले, सावित्री नदीकाठचे महाड ही दोन्ही रायगड जिल्ह्यातीलच गावे होत. देवनागरीत त्यांतील भेद एका कान्याने स्पष्ट होतो. रोमन लिपीत मात्र दोन्हींचे लेखन एकच होते. कर्जतजवळील कोंढाणे येथील बौद्ध लेणी आणि सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा यांचीही रोमन लेखनात अशीच गल्लत होते. याउलट पेठ व कोथळीगड, तसेच पेब व विकटगड, या दोन जोड्यांत किल्ला एकच असून नावे मात्र दोन आहेत. एका नावाखालील माहिती दुसऱ्या नावाने शोधणाऱ्यास सहसा मिळत नाही.

प्रसिद्ध नावाची छाया शेजारच्या गावांवर पडते, हाही एक परिणाम होय. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेले चित्रनगर खालापूर तालुक्यातील चौकजवळ आहे. तथापि ते ‘कर्जतचा स्टुडिओ’ म्हणूनच ओळखले गेले. सुटीतील निवासगृहांच्या व शेतघरांच्या जाहिरातींतही कर्जत हेच नाव सोयीचे ठरते, आणि खालापूर हे नाव अनेकांस द्रुतगती मार्गावरील पथकर नाक्यापुरतेच ठाऊक असते. नेरळजवळील ‘सगुणा बाग’ या कृषिपर्यटन केंद्राची गोष्ट वेगळी आहे. नाव असाधारण असल्याने त्याचा घोटाळा होत नाही. शिवाय विनानांगरणी भातशेतीच्या तेथील पद्धतीलाही ‘सगुणा’ हेच नाव असल्याने पद्धत शोधणारा शेतकरी आपोआप नेरळपर्यंत पोहोचतो.

यावरून उपायही स्पष्ट होतो. पृष्ठाच्या शीर्षकात गावासोबत तालुका व जिल्हा लिहिणे, देवनागरी व रोमन अशी दोन्ही रूपे आणि पर्यायी नावे मजकुरात देणे, नकाशासेवेतील स्थान अचूक नोंदणे आणि शाळा, ग्रंथालये, ग्रामपंचायती यांनी एकमेकांच्या पृष्ठांना दुवे देणे, ही साधने अल्पखर्चाची आहेत. ज्या व्यावसायिकांना ती अवगत आहेत, त्यांची निवासगृहे यादीच्या माथ्यावर येतात. ठाकर व कातकरी वस्त्यांच्या वाड्या, लेणी आणि पाऊलवाटा मागे राहतात, कारण त्यांच्याविषयी स्थानिकांनी स्वभाषेत लिहिलेला मजकूर थोडा आहे.

२०२४ पासून शोधयंत्रे पृष्ठांच्या यादीआधी यंत्ररचित सारांशही देऊ लागली आहेत. यादीत दोन कर्जत वेगवेगळ्या ओळींत दिसत आणि निवड वाचकाच्या हाती राही. सारांशात ती एकाच परिच्छेदात मिसळली, तर चूक वाचकाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून स्थाननामांची नेमकी व स्वलिपीतील नोंद ही केवळ व्यवसायाची गरज नसून स्थानिक इतिहासाच्या जतनाचाच एक भाग ठरते.