छोट्या कुत्र्याच्या पोटात गाठ : काय पाहावे, काय करावे

पॉमेरेनियन, पग, डॅशहुंड अशा छोट्या कुत्र्यांत उतारवयात पोटातील गाठींचा धोका वाढतो. पोट मोठे दिसतेय, खाणे कमी झालेय, पाठीचे मांस उतरलेय, तर ‘म्हातारं झालंय’ म्हणून सोडून देऊ नका. गाठ प्लीहा, यकृत, मूत्रपिंड किंवा आतड्यात असू शकते. नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू साचूनही पोट फुगते.

ओठ उचलून हिरड्या पाहा. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि कुत्रे गळून पडले, तर प्लीहेची गाठ फुटून पोटात रक्तस्राव झालेला असू शकतो. लगेच दवाखाना गाठा. पोट दाबून बघू नका, माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका.

सोनोग्राफीत गाठ कुठे आणि केवढी ते कळते. कॅन्सर आहे की नाही, ते खात्रीने कळत नाही. शस्त्रक्रियेआधी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे करतात. प्लीहा काढली तरी कुत्रे जगू शकते. काढलेली गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. साधी गाठ निघाली तर कुत्रे पूर्ण बरे होते. हिमँजिओसार्कोमा हा कॅन्सर निघाला, तर नुसत्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १ ते ३ महिने, केमोथेरपीसह ४ ते ६ महिने मिळतात.

तालुक्याला सोनोग्राफी नसेल, तर परळ (मुंबई), हेब्बाळ (बेंगळुरू), महू, आणंद, राजेंद्रनगर (हैदराबाद) इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा.