पायाचे नख रुतणे : घरी काय करावे, डॉक्टरांकडे कधी जावे?

अंगठ्याला चादर लागली तरी कळ येते, बूट घालवत नाही, नखाच्या कडेचे मांस लाल होऊन सुजते. नखाची कड मांसात रुतली की असे होते. बरेच रुग्ण घरी टोकदार कात्रीने कोपरा कोरून झाल्यावरच दवाखान्यात येतात. कोरल्यावर दोन दिवस बरे वाटते, पण आत राहिलेला नखाचा अणकुचीदार तुकडा नख वाढेल तसा आणखी खोल घुसतो. म्हणून रुतलेला कोपरा घरी कोरू नका.

नख का रुतते?

नख फार खोलवर किंवा कोपरे गोल करून कापणे, पुढून निमुळते बूट, अंगठ्याला लागलेला मार आणि पायाला सतत येणारा घाम ही नेहमीची कारणे आहेत. काहींच्या नखाचा आकार मुळातच वळलेला असतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो.

घरी काय करता येईल?

दुखणे थोडे असेल आणि पू नसेल, तर :

- दिवसातून दोन-तीन वेळा १० ते १५ मिनिटे पाय कोमट पाण्यात ठेवा, मग बोटांच्या बेचक्यांसह नीट कोरडा करा.
- नखाशेजारचे मांस चिकटपट्टीने नखापासून बाजूला ओढून ठेवा.
- काही दिवस पुढून उघडी चप्पल वापरा.
- चुना, तंबाखू असे काही जखमेवर लावू नका.

आठवडाभरात फरक पडला नाही, पू आला किंवा कडेला सहज रक्त येणारे लाल मांस वाढले, तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जनना दाखवा. रुतलेली कड तशीच राहिली, तर केवळ अँटिबायोटिकने हा त्रास कायमचा जात नाही.

नखावरची प्रक्रिया कशी असते?

‘संपूर्ण नख उपटतील’ या भीतीने अनेक जण महिनोन्‌महिने दुखणे अंगावर काढतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नखाची फक्त रुतलेली पट्टी काढतात. अंगठ्याच्या मुळाशी भुलीचे इंजेक्शन देतात. ते टोचताना दुखते, नंतर मात्र दुखत नाही. पट्टी काढल्यावर तेवढ्याच भागातल्या नखाच्या मुळाला फिनॉल हे रसायन लावतात, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही. नख थोडे अरुंद दिसते, इतकेच. त्याच दिवशी घरी जाता येते.

संपूर्ण नख काढले आणि मुळावर काहीच केले नाही, तर वर्ष-दीड वर्षात नवे नख येते आणि पुन्हा रुतू शकते. त्यामुळे ‘नख किती काढणार? मुळावर काय करणार?’ हे आधीच विचारा. गरोदरपणा, भुलीची ॲलर्जी, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांची माहिती द्या. त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

नंतरची काळजी

पहिले एक-दोन दिवस पाय उंचावर ठेवा. ड्रेसिंग सांगितल्याप्रमाणे बदला. फिनॉलनंतर दोन ते चार आठवडे थोडा पाणीदार स्राव येणे स्वाभाविक आहे. दुखणे किंवा लाली दिवसेंदिवस वाढत गेली, तर लगेच दाखवा. पुढे नख सरळ रेषेत कापा आणि कोपरे किंचित बाहेर राहू द्या. बेचक्यांत बुरशी असेल तर तिचाही उपचार करा. टाचांना व्हॅसलीन लावा, पण बेचक्यांत नको.

मधुमेह असेल तर

मधुमेहात पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. दुखत नाही म्हणून जखम लहान आहे, असे समजू नका. पाय पाण्यात बुडवत ठेवू नका. भाजले तरी कळत नाही. घरगुती उपायांत दिवस न घालवता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्रक्रियेआधी रक्तातील साखर आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा लागतो. घरातल्या वयस्कर माणसांना वाकून पाय पाहता येत नसतील, तर रोज त्यांचे पाय तुम्ही पाहा.

थांबू नका

ताप, पायावर वर चढणारी लाली किंवा बोट काळे-निळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. नखाखाली नवी काळी रेघ दिसली आणि ती रुंद होत असेल, किंवा जखम महिनोन्‌महिने भरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. क्वचित तो कर्करोग असू शकतो आणि त्यासाठी तुकडा काढून तपासावा लागतो.