एकच आज्ञा, अनेक संख्या
प्रोसेसरला ज्या आज्ञा कळतात, तीच त्याची भाषा. १९७६ सालीं अमेरिकेंत लॉस अलामॉस येथें बसविलेल्या ‘क्रे-१’ यंत्रांत एका आज्ञेनें ६४ संख्यांच्या रांगेवर गणित होई. १९९७ पासून इंटेलनेंही रांगेच्या आज्ञा घातल्या. पण रांगेची रुंदी ६४ बिटांवरून १२८, २५६, ५१२ अशी वाढतांना प्रत्येक वेळीं नव्या आज्ञा आल्या, आणि त्यांचा लाभ घेण्यासाठीं जुने प्रोग्रॅम पुन्हा सिद्ध करावे लागले. २०१६ मध्यें आर्म कंपनीनें तोड काढली: आज्ञेंत रुंदी लिहावयाचीच नाहीं, १२८ पासून २०४८ बिटांपर्यंत जी असेल, ती यंत्रानेंच सांगावी. याच आज्ञांच्या बळावर कोबे येथील जपानी ‘फुगाकु’ २०२० सालीं जगांत पहिला ठरला. यंत्रें जुनीं होणारच. त्यांच्यासाठीं माणसानें केलेले श्रम मात्र वाया जाऊं नयेत, हेंच या इतिहासाचें मर्म होय.